स्वित्झर्लंडची रेल्वे : वेळापत्रकातून घाटाकडे

स्वित्झर्लंडचे क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी असून त्यातील बराचसा भाग आल्प्स आणि यूरा या पर्वतांनी अडवलेला आहे. तरीही या देशात पाच हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे लोहमार्ग आहेत, आणि ते जवळजवळ सगळेच्या सगळे विजेवर चालतात. या मार्गांवरून जाणाऱ्या बहुतेक परदेशी प्रवाशांचे लक्ष बर्फाच्छादित शिखरांकडे आणि काचेच्या छताच्या डब्यांकडे असते, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र रेल्वे हाच ज्याच्या आस्थेचा विषय आहे, अशा वाचकाने या देशाचा अभ्यास डोंगरापासून सुरू न करता वेळापत्रकापासून सुरू करावा, कारण तेथील पूल, बोगदे, फलाट आणि इंजिने यांपैकी बऱ्याच गोष्टींचे आकारमान अखेरीस वेळापत्रकानेच ठरवलेले आहे. आधी मार्ग बांधायचा, मग त्यावर गाड्या किती आणि केव्हा सोडता येतील ते पाहायचे, हा जगभरचा रूढ क्रम स्वित्झर्लंडने गेल्या चार-पाच दशकांत उलटा केला, आणि त्या देशाने रेल्वेच्या इतिहासाला दिलेले सर्वांत मोठे योगदान बहुधा हेच मानावे लागेल.

या बदलाची सुरुवात २३ मे १९८२ रोजी झाली. त्या दिवसापासून देशभर एकसमान अंतराचे वेळापत्रक लागू झाले. म्हणजे एखाद्या स्थानकावरून विशिष्ट दिशेची गाडी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी सुटत असेल, तर ती आठ वाजून दोन मिनिटांनी, नऊ वाजून दोन मिनिटांनी, अशी दिवसभर दर तासाला त्याच मिनिटाला सुटू लागली. प्रवाशाने तास विसरून केवळ मिनिट लक्षात ठेवले तरी पुरे, ही सोय वरवर साधी वाटली, तरी तिच्यापोटी दडलेला दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. एखाद्या मार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्या ठरावीक अंतराने धावत असतील, तर त्या एकमेकींना ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक मिनिटालाच भेटणार हे गणिताने निश्चित होते. मग या भेटी मोकळ्या माळावर होऊ देण्याऐवजी मोठ्या जंक्शनांवर का घडवून आणू नयेत, असा विचार नियोजनकारांनी केला. त्यानुसार झुरिख, बर्न, बासल यांसारख्या प्रमुख स्थानकांवर चहूकडच्या गाड्या पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या काही मिनिटे आधी येतात, प्रवासी फलाट ओलांडून हव्या त्या गाडीत जाऊन बसतात, आणि काटा पुढे सरकला की त्याच गाड्या एकामागून एक पांगतात. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत तेच स्थानक तुलनेने रिकामे दिसते.

या पद्धतीची एक अट आहे. अशा दोन जंक्शनांमधला प्रवास एका तासाहून किंवा अर्ध्या तासाहून किंचित कमी वेळात झाला पाहिजे. तो एक तास आणि दहा मिनिटांचा असेल, तर प्रवासी पुढच्या गाड्या सुटून गेल्यावर पोहोचणार. बर्न आणि झुरिख या शहरांमधील प्रवासाला पूर्वी तासाहून अधिक वेळ लागत असे, आणि संपूर्ण देशाच्या जाळ्यात हीच कडी जुळत नव्हती. १९८७ च्या सार्वमतात नागरिकांनी ‘रेल्वे २०००’ या योजनेला संमती दिली, तेव्हा तिच्या केंद्रस्थानी मॅटस्टेटन ते रोथ्रिस्ट हा सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग होता. ताशी २०० किलोमीटर वेगाच्या या मार्गामुळे बर्न–झुरिख प्रवास ५६ मिनिटांवर आला. फ्रान्सची टीजीव्ही १९८१ पासून धावत होती आणि त्याहून अधिक वेगाचा मार्ग बांधणे तंत्रदृष्ट्या अशक्य नव्हते, पण प्रवास ४५ मिनिटांत उरकला असता तरी प्रवाशाला पुढच्या गाडीसाठी फलाटावर थांबावेच लागले असते. म्हणून गरजेपुरता वेग आणि त्यापलीकडे एक पैसाही नाही, असे धोरण स्वीकारले गेले. १२ डिसेंबर २००४ रोजी नवा मार्ग खुला झाला आणि जवळजवळ सगळ्या देशाचे वेळापत्रक एका रात्रीत बदलले. वक्तशीरपणाचे मोजमापही याच विचारातून ठरलेले आहे. गाडी तीन मिनिटांहून कमी उशिराने आली तरच ती वेळेवर आली असे धरले जाते, आणि किती प्रवाशांना पुढची जोडगाडी मिळाली याचीही स्वतंत्र नोंद ठेवली जाते. दुसरी नोंद पहिलीपेक्षाही बोलकी आहे. गाडी वेळेवर असणे हा रेल्वेचा हिशेब झाला, जोडगाडी मिळणे हा प्रवाशाचा.

स्थानकांवरचे घड्याळ या व्यवस्थेचे दृश्य रूप होय. स्विस संघीय रेल्वेतील अभियंता हान्स हिल्फिकर यांनी १९४४ साली ते तयार केले: पांढरी तबकडी, अंकांऐवजी जाड काळ्या रेघा, आणि काही वर्षांनी जोडलेला लाल सेकंदकाटा, ज्याच्या टोकाला गाडी सोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फलकासारखी गोल चकती आहे. हा काटा नीट निरखून पाहिला तर त्याची चाल वेगळी असल्याचे कळते. तो साठ सेकंदांऐवजी सुमारे साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पूर्ण करून बाराच्या रेघेवर थांबतो. मुख्य घड्याळाकडून विजेचा संकेत आला की मिनिटकाटा एका झटक्यात पुढच्या रेघेवर जातो आणि लाल काटा पुन्हा चालू लागतो. सेकंदकाटे स्वतंत्र मोटरीवर चालत असल्याने हजारो घड्याळांचे सेकंद अचूक जुळवणे त्या काळी कठीण होते, मिनिटे जुळवणे मात्र शक्य होते. दीड सेकंदाच्या या थांब्यामुळे देशभरातली सगळी घड्याळे दर मिनिटाला नव्याने एकत्र येत.

एवढ्या शिस्तीच्या रेल्वेचा आरंभ मात्र विस्कळीत होता. ९ ऑगस्ट १८४७ रोजी झुरिख ते बाडेन हा देशातला पहिला संपूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हा ब्रिटन आणि बेल्जियम या बाबतीत कितीतरी पुढे गेले होते. पुढची पन्नास वर्षे मार्ग खासगी कंपन्यांनी बांधले, त्यांतल्या काही एकमेकींना पाण्यात पाहत आणि काही डबघाईला आल्या. अखेर १८९८ साली सार्वमताने प्रमुख कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या करण्याचा कौल दिला आणि १९०२ मध्ये स्विस संघीय रेल्वेचा कारभार सुरू झाला. सगळ्याच कंपन्या मात्र तिच्यात विलीन झाल्या नाहीत. आजही बर्नची बीएलएस, ग्राउब्युंडेन प्रांतातील र्‍हेटियन रेल्वे, मॉन्त्रोची एमओबी अशा अनेक संस्था आपापले मार्ग चालवतात, आणि तरीही एकच तिकीट सर्वांकडे चालते, इतकेच काय, पोस्टाच्या पिवळ्या बसगाड्यांत आणि सरोवरांवरच्या बोटींतही चालते.

घाटरस्त्यांत पहिला मान गोटहार्डचा. गोशेनेन आणि एअरोलो या गावांदरम्यान १५ किलोमीटरचा बोगदा खोदण्याचे काम १८७२ मध्ये लुई फाव्ह्र या कंत्राटदाराने घेतले. ठरलेली मुदत पाळण्यासाठी मजुरांना, ज्यांच्यात बहुसंख्य इटालियन होते, उष्ण, दमट आणि धुराने भरलेल्या भुयारात राबवले गेले. अंकुशकृमीच्या रोगाने अनेकांची शरीरे पोखरली, १८७५ साली गोशेनेन येथे संप झाला तेव्हा सशस्त्र दलाच्या गोळीबारात चार मजूर मारले गेले, आणि काम संपेपर्यंत मृतांची संख्या दोनशेच्या घरात पोहोचली. फाव्ह्र स्वतः १८७९ मध्ये बोगद्यातच हृदयविकाराने गेला. १८८२ साली मार्ग खुला झाला. या मार्गाचे कौतुक करणाऱ्या कोणत्याही पुस्तकाने ही किंमत नोंदवली पाहिजे, जशी ती खंडाळ्याच्या बोरघाटाविषयी लिहितानाही नोंदवायला हवी, जिथे साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी याहून कितीतरी अधिक मजूर दगावले.

या दोन घाटांची तुलना मराठी रेल्वेप्रेमीला विशेष उद्बोधक वाटेल. बोरघाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर आहे, म्हणजे दर हजार मीटरला २७ मीटर, आणि गोटहार्डच्या चढणीचा कमाल चढही जवळपास तेवढाच आहे. चाक आणि रूळ यांच्यातील केवळ घर्षणाच्या बळावर जड गाडी ओढण्याची त्या काळच्या इंजिनांची मर्यादा सारखीच असल्याने अभियंते दोन्हीकडे एकाच आकड्यापाशी येऊन थांबले. डोंगराची उंची जास्त आणि दरीची लांबी कमी, ही अडचण मात्र त्यांनी वेगवेगळ्या रीतीने सोडवली. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटात गाडी एका ठिकाणी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने चढवली जाई, आणि ही उलटफेरीची व्यवस्था १९२९ पर्यंत चालू होती. गोटहार्डच्या अभियंत्यांनी डोंगराच्या पोटात वर्तुळाकार बोगदे खोदले, ज्यांत शिरलेली गाडी पूर्ण वेढा घेऊन आपल्याच मार्गाच्या वर बाहेर पडते. वासेन गावाजवळ मार्ग एकावर एक तीन पातळ्यांवरून जातो, त्यामुळे टेकडीवरचे तिथले पांढरे चर्च प्रवाशाला एकदा वर, एकदा समोर आणि एकदा खाली दिसते. दिशाज्ञान इतके हरपते की नकाशा हाती असूनही गाडी कोणत्या बाजूला चालली आहे ते उमगत नाही.

आज झुरिखहून लुगानोला जाणाऱ्या वेगवान गाड्या हा घाट चढतच नाहीत. १ जून २०१६ रोजी उद्‌घाटन झालेला गोटहार्डचा पायथ्याचा बोगदा ५७ किलोमीटर लांब, म्हणजे जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा असून, पर्वताच्या माथ्याखाली काही ठिकाणी दोन हजार मीटरहून अधिक खोलीवरून तो जवळजवळ सपाटीने जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यात एक मालगाडी घसरून रुळांची एवढी हानी झाली की पूर्ण वाहतूक सुरू व्हायला वर्ष उलटावे लागले. अभियांत्रिकीचे हे शिखर खरे, पण खिडकीतून दिसतो तो वीसेक मिनिटांचा अंधार. त्यामुळे ज्याला गोटहार्ड पाहायचा आहे त्याने बासल किंवा झुरिखहून लोकार्नोला जाणारी, जुन्या मार्गाने घाट चढणारी झुडओस्टबान या कंपनीची ‘ट्रेनो गोत्तार्दो’ गाडी धरावी आणि एर्स्टफेल्डपासून पुढे जागरूक राहावे.

एर्स्टफेल्ड हे घाटाच्या पायथ्याचे स्थानक, आणि इंजिनांच्या चाहत्यांना तिथेच ‘क्रोकोडाइल’ हे जुने विजेचे इंजिन भेटते, ज्याच्या जन्मामागे कोळशाची टंचाई आहे. स्वित्झर्लंडमध्ये कोळसा नाही म्हणण्याइतकाच आहे. पहिल्या महायुद्धात परदेशी कोळसा महागला आणि मिळेनासा झाला, गाड्या कमी कराव्या लागल्या, आणि डोंगरातून कोसळणाऱ्या पाण्यावर वीज निर्माण करून रेल्वे चालवण्याचा निर्णय पक्का झाला. त्यासाठी १५ हजार व्होल्टचा एकदिश नव्हे, प्रत्यावर्ती प्रवाह निवडला गेला आणि त्याची वारंवारिता नेहमीच्या ५० च्या एक-तृतीयांश, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ आवर्तने ठेवली गेली, कारण त्या काळच्या मोटरी याहून जास्त वारंवारितेवर ठिणग्या टाकत आणि बिघडत. रेल्वेची ही वीज वेगळी असल्याने तिची जलविद्युत केंद्रेही वेगळी उभारावी लागली. १९२२ पर्यंत ल्युसर्न ते कियासो हा अख्खा गोटहार्ड मार्ग विजेवर आला, आणि त्यावरच्या मालगाड्यांसाठी विंटरथूर येथील स्विस लोकोमोटिव्ह कारखाना व ओर्लिकॉन यांनी हे इंजिन बांधले: मध्ये चालकाची केबिन आणि रोहित्र, पुढे-मागे लांबट, बुटक्या सोंडा ज्यांत मोटरी बसवलेल्या, आणि वळणावर सहज वळावे म्हणून तिन्ही भाग बिजागरीसारखे जोडलेले. त्याचे अधिकृत नाव सीई ६/८ असे आहे, आणि जुन्या स्विस इंजिनांच्या नावांतच त्यांची माहिती भरलेली असते. पहिले मोठे अक्षर कमाल वेगाचा गट सांगते, ‘ई’ म्हणजे विजेवर चालणारे, आणि ६/८ म्हणजे आठ आसांपैकी सहांना मोटरीचे बळ मिळते. हा संकेत एकदा ध्यानात आला की फलाटावरून जाणाऱ्या प्रत्येक जुन्या इंजिनाची जात पाटीवरून ओळखता येते.

याच कारखान्याचे आणि याच घडणीचे इंजिन महाराष्ट्राच्या घाटांतही अनेक दशके राबले. जीआयपी रेल्वेने कल्याणच्या पुढे बोरघाट आणि थळघाट विजेवर आणायचे ठरवले तेव्हा मालगाड्यांसाठी मागवलेली ईएफ/१ वर्गाची पहिली इंजिने १९२८ मध्ये विंटरथूरला बांधली गेली आणि उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फौंड्रीत. विजेचा प्रकार निराळा, १५०० व्होल्ट एकदिश, रूळही ब्रॉडगेज; पण मधली केबिन, पुढच्या-मागच्या सोंडा आणि चाकांना फिरवणारे बाहेरचे जाड दांडे तेच. कर्जत–लोणावळा भागातील रेल्वे कामगार या इंजिनाला ‘खेकडा’ म्हणत. त्यांतला एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेला आहे, आणि ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयातील क्रोकोडाइलशेजारी त्याचे छायाचित्र ठेवून पाहिले तर नाते सांगावे लागत नाही.

गोटहार्ड हा देशाच्या व्यापाराचा कणा असला, तरी रेल्वेप्रेमीने सर्वाधिक वेळ राखून ठेवावा तो आग्नेयेकडील ग्राउब्युंडेन प्रांतासाठी. विलेम यान होल्सबूर या डच गृहस्थाच्या पुढाकाराने १८८९ मध्ये सुरू झालेली इथली र्‍हेटियन रेल्वे मीटर गेजवर चालते, म्हणजे तिच्या दोन रुळांमधले अंतर एक मीटर आहे. अरुंद गेजमुळे वळणे अधिक आवळून घेता येतात, बोगदे लहान पुरतात आणि विरळ वस्तीच्या दऱ्यांत रेल्वे परवडते. टूसिस ते सेंट मॉरिट्झ हा अल्बुला मार्ग १९०४ मध्ये आणि सेंट मॉरिट्झ ते इटलीतील तिरानो हा बर्निना मार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला. दोन्ही मिळून १२२ किलोमीटरच्या अंतरात १९६ पूल आणि ५५ बोगदे आहेत, आणि २००८ पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. फिलिझूरजवळचा लँडवासर पूल ६५ मीटर उंच असून १०० मीटर त्रिज्येच्या वळणावरच बांधलेला आहे, आणि त्याचे एक टोक थेट उभ्या कड्यातल्या बोगद्यात घुसते. चित्रांतून तो सर्वांना ठाऊक आहे. त्याहूनही मार्गरचनेचे खरे कसब बेर्ग्युन आणि प्रेडा या गावांमध्ये पाहायला मिळते, जिथे सरळ रेषेत साडेपाच किलोमीटर अंतरावर असलेली दोन स्थानके उंचीने सुमारे ४०० मीटरनी वेगळी आहेत. मार्ग वेढे घेत, दरी पुन्हा पुन्हा ओलांडत ते अंतर बारा किलोमीटरपर्यंत लांबवतो आणि चढ दर हजारी ३५ च्या आत राखतो. दोन गावांना जोडणारी पायवाट असल्याने उतरताना चालत जावे आणि एकच गाडी निरनिराळ्या कमानींवरून वारंवार जाताना पाहावी.

बर्निना मार्गाचा विचार निराळाच आहे. तो आरंभापासून विजेवर चालण्यासाठी बांधला गेला, त्यामुळे अभियंत्यांना दर हजारी ७० मीटरचा, म्हणजे बोरघाटाच्या अडीचपट तीव्र चढ घेता आला, आणि तोही दातेरी रुळाच्या मदतीशिवाय. नेरळहून माथेरानला जाणारी गाडी २० मीटरला एक मीटर चढते. बर्निनाची गाडी सुमारे १४ मीटरला एक चढते, २,२५३ मीटर उंचीवरच्या ओस्पिझिओ बर्निना स्थानकावर पोहोचते आणि तिथून तिरानोपर्यंत अठराशे मीटरहून अधिक उतरते. ब्रूसिओजवळ दरी अरुंद झाल्याने वर्तुळाकार वेढा बोगद्यात न घेता नऊ कमानींच्या उघड्या पुलावर घेतला आहे, आणि गाडी वळताना पुढचे डबे मागच्या डब्यांच्या खालून जातात. इथे एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. ‘बर्निना एक्स्प्रेस’ला आगाऊ आरक्षण सक्तीचे असते आणि तिच्या मोठ्या काचा उघडत नाहीत, त्याच रुळांवरून दर तासाला धावणाऱ्या साध्या प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही, त्या लहान स्थानकांवर थांबतात, आणि त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या खाली सरकवता येतात. छायाचित्रे काढणाऱ्याने निःसंशय दुसरी गाडी निवडावी.

चढ याहूनही तीव्र झाला की चाक घसरू लागते आणि रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवून तिच्यात इंजिनाखालचे दातेरी चाक अडकवावे लागते. या तंत्राचा युरोपातील पहिला डोंगरी मार्ग निक्लाउस रिगेनबाख यांनी १८७१ मध्ये ल्युसर्नजवळच्या रिगी पर्वतावर नेला. पुढे रोमान आप्ट यांनी शेजारी-शेजारी पट्ट्या बसवून त्यांचे दात मागेपुढे ठेवले, ज्यामुळे एक दात सुटण्याआधी दुसरा पकडलेला असतो. निलगिरी पर्वतीय रेल्वे याच पद्धतीवर चालते आणि तिची नामांकित वाफेची इंजिनेही विंटरथूरचीच आहेत. पिलाटस पर्वतावर १८८९ मध्ये चढ शंभराला ४८ इतका घ्यावा लागला, तेव्हा दातेरी चाक पट्टीवरून वर उचलले जाण्याचा धोका ओळखून एडुआर्ड लोखर यांनी दात पट्टीच्या दोन्ही अंगांना आडवे कापले आणि दोन आडव्या चाकांनी ती चिमटीत धरली. जगातील सर्वांत तीव्र चढाचा दातेरी मार्ग तो आजही आहे. ३,४५४ मीटर उंचीचे युंगफ्राउयोख हे युरोपातील सर्वांत उंच स्थानक भारतीय सहलींच्या यादीत हटकून असते आणि १९१२ साली ते पूर्ण करणाऱ्यांचे धाडस वादातीत आहे, तथापि त्या मार्गाचा बहुतांश भाग बोगद्यात असल्यामुळे यंत्ररचना समजून घ्यायची असेल तर पिलाटसला अग्रक्रम द्यावा.

शेवटी जुन्या फुर्का मार्गाविषयी. सेंट मॉरिट्झ आणि झेरमाट यांना जोडणारी ‘ग्लेशियर एक्स्प्रेस’ १९३० पासून उन्हाळ्यापुरती धावे, कारण फुर्का खिंडीतला मार्ग हिवाळ्यात हिमलोटांखाली जाई. १९८२ मध्ये १५ किलोमीटरचा नवा बोगदा झाल्यावर गाडी बारमाही झाली आणि वरचा मार्ग सोडून देण्यात आला. तो उखडला जाऊ नये म्हणून रेल्वेप्रेमी एकत्र आले, त्यांनी श्रमदानाने रूळ, दातेरी पट्ट्या आणि बोगदे दुरुस्त केले, आणि २०१० मध्ये रेआल्प ते ओबरवाल्ड हा सुमारे अठरा किलोमीटरचा मार्ग पुन्हा पूर्ण चालू झाला. त्यावर धावणाऱ्या काही वाफेच्या इंजिनांची कथा विलक्षण आहे: मुळात याच मार्गासाठी विंटरथूरला बांधलेली ही इंजिने १९४७ मध्ये व्हिएतनामला विकली गेली होती, तिथल्या दा लातच्या डोंगरी मार्गावर ती राबली, युद्धानंतर गंजत पडली, आणि १९९० साली या स्वयंसेवकांनी ती जंगलातून बाहेर काढून जहाजाने परत आणली. मार्गावरचा श्टेफेनबाख पूल हिमलोटांच्या वाटेत येतो, म्हणून १९२५ पासून तो तीन तुकड्यांचा, घडी घालता येईल असा बांधलेला आहे. दर शरदात कामगार दोरखंड आणि हातरहाट वापरून त्याचे भाग दोन्ही काठांकडे ओढून दुमडतात आणि वसंतात पुन्हा जोडतात. त्यामुळे फुर्काच्या गाड्या साधारणपणे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंतच चालतात, त्यातही ठरावीक दिवशीच, आणि देशातल्या बाकी बहुतेक गाड्या दर तासाला मिळत असल्या तरी या एका गाडीची तारीख आधी पाहून मगच प्रवासाचा उरलेला बेत आखावा.